चुकलेल्या लॉगिनचा माग

(दृश्य: काळा पडदा. त्यावर खालून वर सरकत जाणाऱ्या नोंदींच्या ओळी.)

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दाराशी ये-जा तपासणारे यंत्र, आणि लॉग म्हणजे त्याची नोंदवही. हा लॉग पहिल्यांदा उघडणाऱ्या माणसाला वाचण्यासारखे काही सापडतच नाही. दिसतो तो नुसता ओळींचा लोंढा, आणि एखादी ओळ नजरेत भरण्याआधीच ती वर सरकून गेलेली असते. या लोंढ्यातून आपल्याला एकाच वापरकर्त्याच्या मोजक्या ओळी बाहेर काढायच्या आहेत. उदाहरणापुरते त्याच्या खात्याला ‘विक्री०७’ म्हणू. हे खाते गेले तीन दिवस सकाळी लॉक झालेले आढळते, आणि आपण पासवर्ड एकदाही चुकवलेला नाही, असे तो ठामपणे सांगतो. असे सांगणारा वापरकर्ता पुष्कळदा खरेच बोलत असतो, हे नेटवर्क सांभाळणाऱ्या जुन्या ॲडमिनला ठाऊक असते; नवख्याला ते पटायला थोडा काळ जावा लागतो.

नवखा ॲडमिन फिल्टरच्या चौकटीत सर्वप्रथम ‘डिनाय’ (अडवले) हा शब्द टाकतो. पडद्यावर हजारो नोंदी येतात, पण त्यांत विक्री०७ कुठेच नसतो. ही चूक इतकी स्वाभाविक आहे, की तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. फायरवॉलचे मूळ काम पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, पाहण्याचे आहे: ते कोणत्या पत्त्यावरून निघाले, कोणत्या पत्त्याकडे आणि कोणत्या पोर्टकडे (तिथल्या कोणत्या क्रमांकाच्या दाराकडे) चालले आहे, आणि नियम त्याला वाट देतो की नाही. जे पॅकेट अडवले गेले, ते पासवर्ड विचारणाऱ्या दारापर्यंत पोहोचलेलेच नसते. उलट पासवर्ड चुकतो, तेव्हा जोडणी सुरळीत झालेली असते, ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर देवाणघेवाणही झालेली असते आणि वाहतुकीच्या लॉगमध्ये त्या जोडणीसमोर ‘अलाउ’ (जाऊ दिले) असेच लिहिलेले असते. म्हणजे चुकलेले लॉगिन शोधण्यासाठी ‘डिनाय’चा फिल्टर लावणारा माणूस नेमकी हवी असलेली ओळच चाळणीतून खाली सोडून देतो.

हवी ती ओळ प्रमाणीकरणाच्या, म्हणजे वापरकर्त्याची ओळख तपासण्याच्या, लॉगमध्ये असते. फायरवॉलच व्हीपीएनचे, म्हणजे बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे येण्याच्या वाटेचे, दारही सांभाळत असेल, तर दोन्ही प्रकारच्या नोंदी एकाच यंत्रातून निघतात आणि एकाच फाइलमध्ये शेजारी-शेजारी पडतात, त्यामुळे घोटाळा अधिकच वाढतो. सिस्कोच्या एएसए या फायरवॉलचे उदाहरण घेऊ. तिथे १०६०२३ या क्रमांकाचा संदेश नियमाने अडवलेल्या पॅकेटचा असतो. ११३०१५ हा संदेश फायरवॉलच्या स्वतःच्या यादीतील वापरकर्त्याला नाकारल्याचे सांगतो, तर ११३००५ हा दुसऱ्या सर्व्हरने वापरकर्त्याला नाकारल्याचे सांगतो. म्हणून शब्दांवर भिस्त ठेवण्यापेक्षा संदेशाच्या क्रमांकावर फिल्टर लावणे केव्हाही चांगले.

(दृश्य: फिल्टरच्या चौकटीत युजरनेम टाइप होत आहे.)

आता नावाचा प्रश्न येतो, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. एकच माणूस एका ठिकाणी नुसत्या नावाने येतो, दुसऱ्या ठिकाणी डोमेन, उलटी तिरकी रेघ आणि नाव अशा रूपात, तर तिसऱ्या ठिकाणी ईमेलच्या पत्त्यासारखा. अचूक जुळणीचा फिल्टर यांपैकी एकच रूप पकडतो. सैल जुळणी लावली, तर विक्री०७ बरोबर विक्री०७० आणि विक्री०७१ हेही आत येतात. माझे मत असे, की आधी सैल फिल्टर लावून नावाची किती रूपे आढळतात ती टिपून घ्यावीत आणि मग तेवढीच रूपे ‘ऑर’ने (‘किंवा’ने) जोडून फिल्टर आवळावा. यात जाणारी पाच मिनिटे वाया जात नाहीत.

कधी कधी नावाच्या जागी नुसत्या चांदण्या दिसतात. हा लॉगमधला बिघाड नव्हे. वापरकर्ते घाईघाईत युजरनेमच्या चौकटीत पासवर्डच टाइप करून मोकळे होतात, आणि मग तो पासवर्ड लॉगमध्ये उघडाबोडका नोंदवला जातो. हे टाळण्यासाठी, युजरनेम खरे असल्याची खात्री पटत नसेल, तर ते झाकून ठेवण्याची सोय एएसएमध्ये मुळातच चालू असते. तपासापुरती ती बंद करता येते. पण तपास संपल्यावर ती पुन्हा चालू करायची आठवण ठेवावी लागते, आणि तीच नेमकी राहून जाते.

नावानंतर वेळ. लॉग पाठवण्याची सिसलॉग ही पद्धत १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल-व्यवस्थेसोबत सुरू केली. तिचे जुने रूप २००१ साली आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात लिहून ठेवले गेले, आणि त्यातल्या वेळेच्या शिक्क्यात महिना, तारीख, तास, मिनिटे व सेकंद एवढेच असते. वर्ष नसते आणि ही वेळ कोणत्या पट्ट्यातली, हेही नसते. २००९ साली आलेल्या आरएफसी ५४२४ ने ही उणीव भरून काढली, तरी जुन्या धाटणीच्या नोंदी आजही सर्रास भेटतात. फायरवॉल यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, चालत असेल आणि वापरकर्ता स्थानिक वेळ सांगत असेल, तर ‘सकाळी नऊ’चा फिल्टर भलत्याच तासावर जाऊन बसतो. म्हणून तपासाच्या सुरुवातीलाच फायरवॉलचे आणि वापरकर्त्याच्या यंत्राचे अशी दोन्ही घड्याळे शेजारी ठेवून पाहावीत.

एवढे केल्यावर विक्री०७ च्या ओळी समोर येतात. पहिली नोंद पहाटे ३ वाजून १० मिनिटांची आहे. तिच्यानंतर ३:१५, ३:२०, ३:२५ आणि ३:३०. पत्ता प्रत्येक वेळी तोच, २०३.०.११३.४५. सगळ्या ओळींत निकाल एकच: नाकारले.

या ओळी वाचताना त्या किती आहेत यापेक्षा त्यांच्यामधले अंतर अधिक बोलते. माणूस पासवर्ड विसरला, तर तो दहा सेकंदांत तीनदा चुकतो, मग थांबतो आणि मग कोणाला तरी फोन करतो. हल्ला करणारे साधन एका मिनिटात शेकडो पासवर्ड लावून पाहते. किंवा ते उलट डाव खेळते: एकच सोपा पासवर्ड घेऊन शेकडो खात्यांवर एकेकदा लावते, आणि तेव्हा एका वापरकर्त्याच्या नावाचा फिल्टर काहीच सांगत नाही, तिथे नाव सोडून पत्त्यावर फिल्टर लावावा लागतो. इथेही तो लावून पाहिला, तर २०३.०.११३.४५ वरून विक्री०७ शिवाय दुसरे कोणतेही नाव आलेले नाही. पत्त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला मर्यादा असते, कारण एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक उपकरणे असू शकतात. परंतु बरोबर पाच-पाच मिनिटांनी, तेही पहाटे तीन वाजता, माणूस पासवर्ड चुकवत नाही. तसे वागते ते आपोआप पुन्हा जोडू पाहणारे एखादे उपकरण.

(दृश्य: दोन लॉग शेजारी-शेजारी, एकाच वेळेवर थांबवलेले.)

नाकारले, पण का? हे फायरवॉलला अनेकदा माहीत नसते. फायरवॉल रेडियस सर्व्हरला, म्हणजे नाव-पासवर्ड तपासून देणाऱ्या वेगळ्या सर्व्हरला, विचारते, सर्व्हर ‘नाही’ म्हणतो आणि कारण देईलच असे नाही. सर्व्हरने उत्तरच दिले नाही, तर तीही नोंद काही यंत्रांत अपयश म्हणूनच पडते, जरी वापरकर्त्याचा पासवर्ड अगदी बरोबर असला तरी. कारण शोधायला विंडोजच्या डिरेक्टरी सर्व्हरकडे, म्हणजे खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे, जावे लागते. तिथल्या ४६२५ क्रमांकाच्या घटनेत एक उपसंकेत असतो: शेवटी ‘सहा-ए’ असेल तर पासवर्ड चुकला, ‘चौसष्ट’ असेल तर असे खातेच नाही, आणि ‘दोनशे चौतीस’ असेल तर खाते आधीच लॉक झालेले आहे. विक्री०७ च्या पहिल्या पाच नोंदींत ‘सहा-ए’ आहे, लगेच खाते लॉक झाल्याची ४७४० ही घटना आहे, आणि त्यापुढच्या साऱ्या नोंदींत ‘दोनशे चौतीस’. इथे पाच चुकांची मर्यादा ठरवलेली होती, त्यामुळे सकाळी कामावर येणाऱ्या वापरकर्त्याला आपले दार बंद मिळाले.

एक शंका मात्र उरते. पासवर्ड-इतिहासातील शेवटच्या दोन नोंदींशी जुळणारा पासवर्ड आला, तर विंडोजची डिरेक्टरी चुकांची मोजदाद वाढवत नाही. म्हणजे हे उपकरण नुकताच बदलून टाकलेला आधीचा पासवर्ड देत नसून त्याहून बराच जुना पासवर्ड देत असले पाहिजे. वापरकर्त्याला ‘तुमचा फोन कोणता?’ असे विचारून काही हाती लागले नाही. ‘बऱ्याच दिवसांनी चार्जिंगला लावलेले काही आहे का?’ असे विचारले, तेव्हा घरी कपाटात पडून असलेला जुना टॅबलेट तीन दिवसांपूर्वी मुलांसाठी बाहेर काढल्याचे त्याला आठवले. व्हीपीएनचे ॲप त्यात होतेच.

टॅबलेटमधून ते खाते काढून टाकल्यावर दुसऱ्या दिवशी तोच फिल्टर पुन्हा लावला जातो, आणि पडदा रिकामा दिसतो. पण रिकाम्या पडद्याचे दोन अर्थ होऊ शकतात: प्रयत्न थांबले असतील, किंवा नोंदी येणेच थांबले असेल, कारण जुना सिसलॉग यूडीपीवरून, म्हणजे पोच न मागणाऱ्या पद्धतीने, चालतो आणि वाटेत हरवलेल्या ओळीची तो कोणाला वर्दी देत नाही. म्हणून ॲडमिन आपल्या चाचणीच्या खात्याने व्हीपीएनमध्ये मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकतो, फिल्टरमध्ये त्या खात्याचे नाव लिहितो, आणि ती एक ओळ पडद्यावर येईपर्यंत जागचा हलत नाही.