झोनिंगची केस खरी कुठे लढली जाते?

अमेरिकेत जमीनजुमला आणि झोनिंगच्या, म्हणजे कुठे घरं बांधायची आणि कुठे कारखाने हे ठरवणाऱ्या नियमांच्या, केसेस लढणारा वकील व्हायचंय? मग तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. दोन्ही न्यायमूर्ती सदरलँड यांनीच लिहिलेत, पण कौल अगदी उलटे.

१९२६. ओहायोतलं युक्लिड गाव. ॲम्ब्लर रिअल्टी कंपनीची तिथे ६८ एकर जमीन होती. गावाने झोनिंग आणलं आणि कंपनीने दावा ठोकला: एकरी १०,००० डॉलरची जमीन २,५०० वर आली, हा कायदाच घटनाबाह्य आहे. कंपनी ६ विरुद्ध ३ मतांनी हरली.

१९२८. मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज. नेक्टो यांच्या जमिनीतली १०० फुटांची पट्टी निवासी झोनमध्ये गेली, आणि आजूबाजूला कारखाने! ६३,००० डॉलरचा ठरलेला सौदा खरेदीदाराने मोडला. नेक्टो मात्र जिंकले. का? त्यांचं भांडण अख्ख्या कायद्याशी नव्हतं, या एका तुकड्यापुरतं होतं. शिवाय न्यायालयाने नेमलेल्या मास्टरने, म्हणजे वस्तुस्थिती तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, जागा स्वतः पाहून लिहून ठेवलं होतं की इथे घरांसाठी जमिनीचा काहीच व्यवहार्य उपयोग नाही. त्या नोंदीवर निकाल फिरला.

मला हा दुसरा निकाल जास्त मोलाचा वाटतो, कारण झोनिंगच्या वकिलाचं रोजचं काम त्यात दिसतं. बहुतेक केसेस सुरू होतात गावच्या झोनिंग बोर्डासमोर, संध्याकाळच्या सुनावणीत. कुणाला नियमातून सवलत, म्हणजे व्हेरियन्स हवा असतो, तर शेजाऱ्यांचा विरोध असतो. पुढे अपील झालं तर न्यायालय सहसा बोर्डाचंच रेकॉर्ड तपासतं, नवा पुरावा क्वचितच घेतं. म्हणून शेजारी माइकवर "ट्रॅफिक वाढेल हो!" म्हणतो, तेव्हा ते पुरेसं नसतं. ट्रॅफिक इंजिनिअरचा अहवाल हवा. सांडपाण्याचा फोटो नुसता उंचावून दाखवला आणि दाखल केला नाही, तर अपिलात तो नसल्यातच जमा.

बिल्डर पहिल्याच दिवशी तज्ज्ञ घेऊन येतो. रहिवासी वकील शोधतात ते बोर्डाचा निकाल विरोधात गेल्यावर, आणि मला याचं फार वाईट वाटतं. तोवर रेकॉर्ड बंद झालेलं असतं, अपिलाची मुदतही बऱ्याच राज्यांत जेमतेम महिनाभराची. तुम्ही या क्षेत्रात आलात, तर अशा लोकांना सुनावणीच्या आधीच भेटा.