भावाच्या डोळ्यांची चौकशी

श्रोतेहो, नमस्कार.

मधुमेहाचा रुग्ण आला की "घरात आणखी कोणाला शुगर?" हे आम्ही डॉक्टर हमखास विचारतो. त्यांच्या डोळ्यांचं काय झालं, हे मात्र विचारायचं राहून जातं. इतवारीतल्या एका किराणा दुकानदारांना मी ते विचारलं. म्हणाले, "बाबांना शेवटी शेवटी दिसत नव्हतं जी. वय झालं होतं." वय होतंच, पण जुनी शुगरही होती. दुकानदारांची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. हिशोबाची वही नीट वाचत होते. थेंब टाकून बाहुली मोठी केली, तेव्हा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, रक्ताचे बारीक ठिपके दिसले.

शुगर पडद्याच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या खराब करते. त्या पाझरतात, बंद पडतात, मग नव्या नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. तितकीच वर्षं, तितकीच शुगर असूनही एकाचा पडदा शाबूत राहतो, दुसऱ्याचा बिघडतो. यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. एका घरात एकाचा पडदा गंभीर बिघडला असेल, तर मधुमेह असलेल्या त्याच्या भावंडांनाही धोका जास्त असतो. नव्या वाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाच्या जनुकासह अनेक जनुकांवर संशोधन झालंय. पण दोषी असं एकच जनुक नाही, त्यामुळे रक्तातली जनुकीय तपासणी करून नजर जाईल की राहील हे सांगता येत नाही. त्यावर पैसे घालवू नका, असंच मी सांगेन.

आणि रक्तात आलं म्हणजे नशिबातच आलं, असं अजिबात नाही. अमेरिका-कॅनडातल्या टाइप वन, म्हणजे बहुधा लहान वयात सुरू होणाऱ्या आणि इन्सुलिन घ्यावंच लागणाऱ्या मधुमेहाच्या 1441 रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 1993 मध्ये आले. सुरुवातीला पडदा निरोगी असलेल्यांत, शुगर काटेकोर ठेवल्यानं पडद्याचा हा आजार होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. रक्तदाबही तितकाच सांभाळायला हवा.

तुमच्या डोळ्यांत पडद्याच्या या आजारासाठी लेझर झालं असेल, इंजेक्शनं सुरू असतील, तर भावा-बहिणींना आजच फोन करा. त्यांना शुगर असेल तर, दिसायला सगळं स्वच्छ असलं तरी, पडदा तपासून घ्यायला सांगा. टाइप टू, म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहामध्ये, ही तपासणी निदान झाल्याबरोबरच करायची, पुढे साधारण दरवर्षी. मधुमेह असलेली मुलगी-सून गरोदर असेल, तर पहिल्या महिन्यांतच.

थेंबांनंतर काही तास नजर धूसर राहते, ऊन सहन होत नाही. आपल्या नागपूरचं ऊन तर तुम्ही जाणताच. गॉगल न्या, आणि परतताना गाडी चालवायला घरातलं कोणीतरी सोबत असू द्या.