पाण्याला वाचता येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मृग लागला की आमच्या घरात माळ्यावरून दोन वस्तू खाली यायच्या. एक मोठी छत्री आणि दुसरा चाळीस वॅटचा बल्ब. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, बेळगावात खडेबाजारापासून जरा आत. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला गटारीवर उभं राहावं लागेल एवढंच. जूनपासून गणपतीपर्यंत येणाऱ्याची तक्रार एकच, "काचेत वाफ धरलीया बघा." बाबा झाकण उघडायचे, मशीन बल्बच्या उबेला ठेवायचे आणि झाकणाखालची रबर रिंग नखानं उचलून बघायचे. चकलीसारखी कडक झालेली असायची, उचलताना मोडायचीच. मग नवी रिंग, बोटाच्या टोकाला लागेल एवढं ग्रीस, झाकण बंद. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "पण यावर वॉटरप्रूफ लिहिलंय की ओ!" बाबा म्हणायचे, "लिहिलंय खरं. पाण्याला वाचायला येत नाही."

आज बोलायचंय ते बाजारात नव्यानं आलेल्या महागड्या घड्याळांबद्दल, त्यातही पाणबुड्यांच्या, म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांच्या, डाइव्ह घड्याळांबद्दल. यातलं एकही माझ्या मनगटावर नाही आणि यायची चिन्हंही नाहीत. पण आवड आहे. फोटो मोठा करून मी बाबांना दाखवतो. ते ऐंशी पार आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे उघडतंय कशानं?"

२०२५ च्या एप्रिलमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात रोलेक्सनं लँड-ड्वेलर आणलं. ३६ आणि ४० मिलिमीटर अशी दोन मापं. केस आणि चेन एकातून एक वाहत गेल्यासारखी, १९७० च्या दशकाची आठवण करून देणारी. बाहेरून मला ते फार काही वाटलं नाही. बातमी आहे ती आतल्या मशीनची. सेकंदाला दहा ठोके, आणि चाकांना ठोक्याठोक्यानं सोडणाऱ्या, पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या स्विस लिव्हरच्या जागी डायनापल्स नावाची नवी रचना. तिची चाकं सिलिकॉनची. बाबांनी लगेच विचारलं, "सिलिकॉन मोडलं तर?" तर बदलायचं, दुरुस्ती नाही. ते गप्प झाले. गंमत अशी की नावात 'लँड' असलेलं हे घड्याळ १०० मीटर पाणी सोसतं, आणि याच कंपनीचं १९५३ चं पहिलं सबमरिनर, जे खास पाणबुड्यांसाठी काढलं होतं, तेही १०० मीटरचंच होतं.

ट्यूडरनं त्याच प्रदर्शनात पेलागोस अल्ट्रा आणलं. टायटॅनियमचं, ४३ मिलिमीटर, आणि खोली किती, तर १००० मीटर! आपली पोरं आंबोलीचा घाट उतरून मालवणला स्कुबा करायला जातात, ते पाणी दहा मीटरच्या आसपास. हौशी पाणबुड्यांची सीमाच मुळी चाळीस मीटरची. १००० हा आकडा घालायचा नसतो, सांगायचा असतो. एक मोळी ऊस आणायला मालगाडी काढल्यासारखं. याच घराण्यातलं २०२२ चं पेलागोस ३९ आहे, २०० मीटरचं, आटोपशीर. निवडायची वेळ आली तर मी ते घेईन.

पॅटेक फिलिपचं क्युबिटस, चौकोनी, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलं तेव्हा ४५ मिलिमीटरचं होतं. मनगटावर फरशी बसवल्यासारखं. पुढच्या वर्षी ४० चं काढलं, ते बरं आहे. पुढे जाऊ.

मला आवडलेलं घड्याळ ओमेगाचं. त्यांचं नवं प्लॅनेट ओशन २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलं. ६०० मीटरचं. म्हणजे नखाएवढ्या जागेवर सिमेंटच्या पोत्याहून जास्त वजन. पण मला आवडलं ते त्यांनी त्यातून जे काढून टाकलं त्यासाठी. जुन्या प्लॅनेट ओशनला डाव्या अंगाला वरती, वेळ लावायच्या चावीसारखी, आणखी एक चावी दिसायची. ती चावी नव्हे, हीलियमची झडप. समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणारे पाणबुडे दिवसेंदिवस दाबाच्या कोठीत राहतात, हीलियम मिसळलेली हवा घेतात. हा वायू इतका बारीक की रबर रिंगच्या कडेनं घड्याळात शिरतो. पुढं कोठीतला दाब उतरवायला लागले की आतला हीलियम तेवढ्या झटक्यानं बाहेर पडू शकत नाही आणि काच उडते. म्हणून कुकरच्या शिट्टीसारखी वाट. रोलेक्सनं ही झडप १९६७ मध्ये सी-ड्वेलरला बसवली, मग इतरांनी. घेणाऱ्या हजारांत एक तरी त्या कोठीत राहतो का? ओमेगानं ती आता काढली, घड्याळ सडपातळ केलं. बाबांना हे सांगितल्यावर पहिल्यांदाच मान हलली. म्हणाले, "एक भोक कमी, एक रिंग कमी."

आपल्याकडचंही सांगतो. बेंगळूरात १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं एचएमटीची घड्याळं सुरू झाली. मराठा सेंटरमधले जवान पेन्शनीला आले तरी मनगटावर तीच, आणि बाबांचं अर्धं दुकान त्यांच्यावर चालायचं. २०१६ मध्ये तो धंदा बंद करायचा निर्णय झाला. आता टायटननं जलसा नावाचं घड्याळ काढलंय. तबकडीवर हवामहलचं लघुचित्र, आत टूरबियाँ, म्हणजे बॅलन्स, ते मागेपुढे डोलणारं चाक, एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरवत ठेवायचा. फक्त दहा नग. कौतुक आहेच, पण एचएमटी जनता शाळामास्तराला परवडायचं. स्वित्झर्लंडशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, त्यामुळे तिकडच्या घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरायचंय. त्यानं माझा परवडण्याचा प्रश्न सुटत नाही, एवढंच.

डाइव्ह घड्याळाची फिरती कडी मात्र खरंच कामाची. ब्लांपांनं १९५३ मध्ये फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी फिफ्टी फॅदम्स काढलं, तेव्हापासून ही कडी पाणबुड्याचा जीव राखते. बुडी मारताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, म्हणजे पाण्यात किती वेळ झाला ते कळतं. ती एकाच बाजूला फिरते. खडकाला धक्का लागून सरकलीच, तर झालेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येतो. निपाणीकडच्या माझ्या मामेभावाकडे असं एक साधं घड्याळ आहे. थ्री फेज आली, मोटर चालू झाली की तो त्रिकोण काट्याला लावतो आणि सरीला अर्धा तास झाला की दारं मोडतो, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवतो. खोऱ्याच्या दांड्याला घासून कडी सरकली तर दारं जरा आधी मोडलं जातं. उसाला कळत नाही.

परवा शेजारचा पोरगा मालवणहून आला. घड्याळ २०० मीटरचं, नवं कोरं, आणि तबकडीवर पाणी चक्क हलतंय. बाबांनी हातात घेतलं, अंगठ्यानं चावी चाचपली. दोन आटे बाहेर होती. वेळ लावून तशीच ठेवलेली. बाबांनी ती आत दाबून फिरवत घट्ट केली, परत सैल केली आणि पोराच्या हातात दिली. "आता तू कर."

मग झाकण उघडलं. मशीन वाळवायला बल्ब हवा, तर घरात सगळे एलईडी. त्यांना ऊब नाही. शेवटी मला माळ्यावर चढवलं. जुन्या छत्रीच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चाळीसचा सापडला. लागतोय अजून.

नमस्कार.