घरातलं भांडण

(पडद्यावर: कडा पिवळट पडलेला एक पोलरॉइड फोटो)

हा फोटो जरा नीट बघा. टेबलाशी घरातली तीन मोठी माणसं बसली आहेत. एकाच्या मांडीवर तान्हं बाळ. टेबलावर बाळाची दुधाची बाटली, आणि तिच्याजवळच दारूची मोठी बाटली. बाळाला धरलेल्या हाताकडे बघा. बोटं टोळीच्या खुणेत वळलेली आहेत. मोठ्यांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या मारल्या आहेत, बाळाचे डोळे तेवढे उघडे.

ते बाळ म्हणजे पुढे रॅपर झालेला केंड्रिक लामार. २०१२ साली त्याने आपल्या अल्बमच्या वेष्टनावर हाच घरचा फोटो छापला. गाव कॉम्प्टन, लॉस एंजेलिसला लागून असलेलं.

गँगस्टा रॅप, म्हणजे टोळ्यांच्या जगण्यावरची रॅप गाणी, म्हटलं की हेच गाव आठवतं. इथल्या एन.डब्ल्यू.ए. या कंपूचा अल्बम १९८८ साली आला. त्यात पोलिसांना उघड शिवी देणारं एक गाणं होतं. पुढच्या वर्षी एफबीआयच्या एका बड्या अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवून नापसंती कळवली. पत्राची बातमी झाली. एवढी मोठी जाहिरात कंपनीला पैसे मोजूनही मिळाली नसती.

ही गाणी ऐकून लोक म्हणाले, बिनबापाची पोरं, दुसरं काय होणार! पण या कंपूत शब्द लिहिणारा मुख्य हात होता आइस क्यूबचा, आणि तो आई-बाप दोघांच्या घरात वाढलेला. मधलं एक वर्ष तर तो फीनिक्सला जाऊन इमारतींचे नकाशे काढायला शिकत होता.

(पडद्यावर: बंद कारखान्याचं फाटक)

कृष्णवर्णीय कुटुंब मोडतंय, ही ओरड रॅपपेक्षा बरीच जुनी. १९६५ साली सरकारी अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी त्यावर आख्खा अहवाल लिहिला. तेव्हा कृष्णवर्णीय बाळांपैकी साधारण चौथा हिस्सा लग्नाबाहेर जन्मत होता. पुढे तीस वर्षांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास गेलं. मधल्या काळात काय झालं? कॉम्प्टनजवळच्या साउथ गेटमध्ये फायरस्टोनचा टायरचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, जनरल मोटर्सचा १९८२ मध्ये. शाळा सोडून थेट कामाला लागावं आणि त्या पगारावर संसार थाटावा, अशा नोकऱ्या गेल्या. त्यांच्या मागोमाग क्रॅक, म्हणजे खड्यांच्या रूपात ओढायचं स्वस्त कोकेन, आलं. १९८६ च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षांचा तुरुंगवास ठेवला. पूड कोकेनला तेवढीच शिक्षा व्हायला पाचशे ग्रॅम लागत. क्रॅक गरीब वस्तीत विकलं जाई, पूड पैसेवाल्यांच्या पार्टीत. घरातले बाप, भाऊ कुठे गेले, याचं बरंचसं उत्तर या एका आकड्यात आहे.

म्हणून गाण्यांना सगळं माफ? छे. बायकांसाठी त्यात जे शब्द येतात, ते इथे उच्चारता येणार नाहीत. आणि त्याविरुद्ध सगळ्यात खणखणीत आवाज उठला तो कृष्णवर्णीय समाजातूनच. १९९३ मध्ये हार्लेमच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री कॅल्विन बट्स यांनी अशा कॅसेट आणि सीडी चिरडायला रस्त्यावर रोडरोलर आणला. रॅपची बाजू घेणारे त्याच्या वाटेत उभे राहिले. सी. डेलोरेस टकर या तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत मोर्चात चाललेल्या बाई. १९९५ मध्ये टाइम वॉर्नर कंपनीच्या भागधारकांच्या सभेत उभं राहून त्यांनी संचालकांना जाब विचारला. त्याच वर्षी कंपनीने अशी गाणी काढणाऱ्या इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीतला आपला हिस्सा विकून टाकला. टकरबाईंना जुनाट म्हणून हिणवणारे तेव्हा पुष्कळ होते. मला टकरबाईंचा राग खरा वाटतो. घरातल्या थोरल्या बाईने पोराचा कान धरावा, तसा.

(पडद्यावर: अफेनी शकूर, न्यूयॉर्क)

आता या आईकडे बघा. अफेनी शकूर, ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेतली. हेच नाव पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर होऊन उमटलं. बॉम्बच्या कटाच्या खटल्यात अफेनीने वकील न घेता, पोटात बाळ असताना, स्वतःची बाजू स्वतः मांडली. मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली, आणि जूनमध्ये तिचा मुलगा, पुढे रॅपर झालेला टुपाक, जन्मला. पुढे हीच बाई क्रॅकच्या आहारी गेली. पोरगा घराबाहेर पडला. नंतर ती त्यातून बाहेरही आली.

फेब्रुवारी १९९५ मध्ये टुपाकचं ‘डिअर मामा’ आलं. आईचं व्यसन त्याने गाण्यात लपवलं नाही, आणि तरी तिला राणी म्हटलं. वडील नव्हते, वस्तीतल्या ड्रग विकणाऱ्या पोरांनी माया लावली, हेही सांगून टाकलं. सणाला हाती फारसं काही नसताना ती जेवण कसं उभं करायची, ते आठवलं. हे गाणं रेडिओवर वाजत होतं तेव्हा तो तुरुंगात होता, एका तरुणीवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात. आईपुढे हात जोडणारा आणि परक्या बाईची ही गत करणारा माणूस एकच. चाहते यातलं एक विसरतात, टीकाकार दुसरं.

कुटुंब म्हणजे आई, बाप आणि दोन मुलं, एवढंच मोजलं तर या वस्त्यांमधलं बरंच काही मोजायचं राहून जातं. आजी नातवंडं सांभाळते. शेजारीण ‘आँटी’ होते, रक्ताचं नातं नसलेलाही ‘कझिन’ म्हणवतो. बापांचंही तेच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी पाहणीत, पाच वर्षांखालच्या मुलांसोबत राहणाऱ्या कृष्णवर्णीय बापांपैकी सुमारे ७० टक्के त्यांची आंघोळ, कपडे, डायपर हे रोज करत होते. गोऱ्या बापांत हे प्रमाण ६० टक्के होतं. लग्नाच्या नोंदवहीत यातलं काहीच दिसत नाही.

(पडद्यावर: पुन्हा तोच फोटो. फोनची बीप)

केंड्रिकच्या त्या अल्बममध्ये गोळीबार आहे, दारू आहे, मेलेले मित्र आहेत. आणि गाण्यांच्या अधेमधे, फोनवर ठेवलेल्या निरोपांत, त्याच्या आई-वडिलांचा आवाज येतो. वडील विचारतात, माझे डॉमिनो कुठे आहेत? आईला तिची व्हॅन परत हवी आहे, कारण तिला बाहेर जायचंय आणि पोरगा अजून घरी आलेला नाही.