घरापासून दूर, पहिली ड्युटी

(परिचर्या म्हणजे नर्सिंग अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रहो,

येत्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हाती नेमणुकीचे पत्र पडेल आणि त्यावरचा पत्ता घरापासून रात्रभराच्या प्रवासाचा किंवा त्याहूनही लांबचा असेल. या पेशात हे नवे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जगभरातील परिचर्येच्या स्थितीवर अहवाल काढला, तेव्हा जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका आणि परिचारक होते आणि त्यांच्यापैकी दर आठांमागे एक जण आपला जन्म झाला किंवा शिक्षण झाले त्या देशाबाहेर काम करत होता. देशातल्या देशात गाव बदलणारे या हिशेबात धरलेलेच नाहीत.

दूर जायचे म्हटले की घरातली चर्चा अंतरावर सुरू होते आणि पगारावर संपते. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण पहिल्या नोकरीत खरी अडचण वेगळीच असते. गाव नवे आणि कामही नवे, ही दोन्ही ओझी एकाच दिवशी खांद्यावर येतात आणि मग एकाचा त्रास दुसऱ्याच्या खात्यावर मांडला जातो. वॉर्डमध्ये घाबरगुंडी उडते आणि आपण म्हणतो, हे शहरच वाईट. खोलीवर एकटे वाटते आणि आपण म्हणतो, मला नर्सिंग जमणारच नाही. मला आज जे सांगायचे आहे ते मुख्यतः ही दोन खाती वेगळी ठेवण्याबद्दल आहे.

कामाचे खाते आधी घेऊ, कारण ते घराजवळ नोकरी मिळाली तरी उघडावेच लागते. मार्लिन क्रेमर या अमेरिकन परिचर्या-संशोधक महिलेने १९७४ मध्ये नवशिक्या परिचारिकांच्या अनुभवाला ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. सुरुवातीचे काही दिवस सगळे छान वाटते. मग शिकवलेले आणि प्रत्यक्ष चाललेले यांतली दरी दिसू लागते, चिडचिड होते, कॉलेजात शिकवलेले सारे खोटे वाटते किंवा वॉर्डमधले सगळेच चुकीचे वाटतात. नंतर हळूहळू तोल सावरतो आणि माणूस आपली वाट काढतो. हा क्रम त्यांनी मांडला तो रुग्णालयात रुजू होणाऱ्या नव्या परिचारिकांबद्दल होता, परगावी जाण्याबद्दल नव्हता. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जे रडू येते, त्याचा मोठा हिस्सा घराशेजारच्या रुग्णालयातही आलाच असता. एवढे जरी माहीत असले, तरी त्या महिन्यात राजीनामा लिहायला घेतलेला हात थोडा थांबतो.

दुसरे नाव पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचर्या-संशोधक महिलेचे. बुद्धिबळपटू आणि वैमानिक यांचे कौशल्य कसे वाढत जाते, याचा ड्रायफस या संशोधक बंधूंनी केलेला अभ्यास त्यांनी १९८०च्या दशकात परिचर्येला लावून पाहिला आणि नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत पाच पायऱ्या सांगितल्या. त्यांतली तिसरी, म्हणजे आपले काम आपण नियोजन करून पार पाडू शकण्याची पायरी, साधारण दोन ते तीन वर्षे त्याच किंवा तशाच प्रकारच्या वॉर्डमध्ये काम केल्यावर येते, असे त्यांचे निरीक्षण आहे. विद्यार्थ्यांना ही मुदत ऐकून निराशा वाटते. मला ती दिलासा देणारी वाटते. सहाव्या आठवड्यात आठ रुग्णांची औषधे, ड्रेसिंग, नोंदी आणि नातेवाइकांचे प्रश्न एकाच वेळी सांभाळता येत नसतील, तर तुमचे काही बिघडलेले नाही. बेनर यांच्या मांडणीतला आणखी एक मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. मुरलेली परिचारिकासुद्धा अगदी अनोळखी प्रकारच्या रुग्णांच्या विभागात गेली, की तिथे ती पुन्हा नवशिकी ठरते. कौशल्य माणसात जितके असते, तितकेच ते जागेतही असते.

आता जागा बदलल्यावर नेमके काय बदलते, ते एका सिरिंजवर पाहू. इन्सुलिन काही देशांत एका मिलिलिटरला ४० युनिट अशा ताकदीच्या कुपीत मिळते, तर कुठे १०० युनिटच्या. प्रत्येकीची सिरिंज वेगळी, त्यावरच्या खुणा वेगळ्या. १०० युनिटच्या कुपीतले औषध ४०च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढले, तर हातात दहा युनिट नसतात, पंचवीस असतात. म्हणजे अडीचपट मात्रा. तुमचा हात कॉलेजात ज्या सिरिंजवर बसला, तो नव्या ठिकाणी न विचारता त्याच सवयीने चालेल आणि चूक तिथेच होईल. रक्तातील साखरेचेही तसेच: एका पद्धतीत जो आकडा १०८ येतो, तोच दुसरीकडच्या मीटरवर ६ दिसतो. जे औषध तुम्ही पॅरासिटामॉल म्हणून ओळखता, तेच काही देशांत अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने लिहिलेले असते. ही दोन वेगळी औषधे समजून दोन्ही दिली, तर दिवसाची मर्यादा कधी ओलांडली गेली हे कळतही नाही. देश बदलला नाही, तरी क्रॅश कार्टचे, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या गाडीचे कप्पे, आणीबाणीचा अंतर्गत फोन क्रमांक, ड्रिपमध्ये औषध किती पातळ करायचे याचे प्रमाण आणि कोणत्या औषधाला दुसऱ्या सिस्टरची सही लागते याचे नियम रुग्णालयागणिक वेगळे असतात. पहिल्या आठवड्यातली वही या गोष्टींनी भरली पाहिजे. रोगांची माहिती पुस्तकात केव्हाही सापडते. ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, ते पुस्तकात सापडत नाही.

म्हणूनच मुलाखतीत पगाराइतक्याच ठामपणे एक गोष्ट विचारायची: इंडक्शन, म्हणजे रुजू झाल्यावर काम समजावून देण्याचा काळ, किती दिवसांचे, त्या काळात माझ्या सोबत कोण असेल आणि मी त्या पाळीच्या मनुष्यबळात मोजली जाणार की जादा म्हणून धरली जाणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर ते उत्तरच समजा. शिकायला आलेली नर्स पहिल्याच दिवशी संख्येत धरली, की तिला शिकवणाऱ्या सिस्टरला आपले रुग्ण सोडून तिच्याकडे पाहायला वेळ उरत नाही. मग दोघींचीही ओढाताण होते आणि दोष मात्र नव्या नर्सवर येतो. रात्रपाळी केव्हा सुरू होणार आणि तेव्हा वॉर्डमध्ये अनुभवी कोणी असेल का, हेही विचारावे. घरापासून दूर असलेल्या नर्सला हे अधिक महत्त्वाचे, कारण ड्युटी बिघडल्यावर तिला घरी जाऊन आईपाशी बसता येत नाही. तिचा आधार वॉर्डमध्येच असावा लागतो. थोडा कमी पगार आणि नीट शिकवणारा वॉर्ड, किंवा जास्त पगार आणि तिसऱ्या दिवशी एकटीच्या हाती सोपवलेला वॉर्ड, असा पर्याय आला तर पहिल्या वर्षी मी पहिल्याच्या बाजूने आहे, आणि यावर माझ्याशी वाद घालणारे बहुतेक जण व्यवस्थापनातले असतात.

रात्री डॉक्टरांना फोन करण्याची भीती हा एक स्वतंत्र विषय आहे. नव्या गावात भाषेचा लहेजा वेगळा, डॉक्टर अनोळखी, वेळ अडीचची. मग नवी नर्स फोनवर एवढेच म्हणते, ‘पेशंटला बरं वाटत नाहीये.’ पलीकडून उत्तर येते, ‘बरं, लक्ष ठेवा.’ यावर अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आलेली आणि पुढे रुग्णालयांनी उचललेली एक पद्धत आहे: आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपले मूल्यमापन, शेवटी आपली मागणी. म्हणजे असे: ‘डॉक्टर, मी सर्जिकल वॉर्डमधून बोलते आहे, बेड नंबर १४. गेल्या अर्ध्या तासात श्वासाचा वेग २८ झाला आहे आणि ऑक्सिजन ८८ टक्क्यांवर आला आहे. काल पोटाचे ऑपरेशन झाले आहे. मला प्रकृती खालावते आहे असे वाटते. आपण आत्ता येऊन पाहावे, आणि तोवर ऑक्सिजन सुरू करू का?’ फोन लावण्याआधी हे चार भाग कागदावर उतरवले, की आवाज कापत असला तरी निरोप कापत नाही. तोंडी दिलेली ऑर्डर मात्र लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखवायची. लहेजा वेगळा असलेल्या ठिकाणी तर ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांत घोटाळा व्हायला क्षणही लागत नाही.

आता गावाचे खाते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून परिचर्येची शाळा सुरू झाली, तेव्हा शिकाऊ परिचारिकांची राहण्या-जेवण्याची सोय रुग्णालयातच केली होती. पुढे कित्येक दशके ठिकठिकाणी नर्सेस होम हा नोकरीचाच भाग राहिला. त्यात शिस्तीचा जाच होता, दाराला कुलूप लागण्याच्या वेळा होत्या. पण नव्या मुलीला खोली शोधत फिरावे लागत नसे आणि ड्युटीवरून आल्यावर तिचे बोलणे समजणारे कोणी तरी शेजारच्या खाटेवर असे. आज ती सोय बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही आणि हे काम तुमच्या माथी आले आहे. रुग्णालयाचे हॉस्टेल मिळत असेल, तर निदान पहिले सहा महिने ते घ्यावे, असे मी सुचवेन. खोली पसंत नसली तरी चालेल.

बाहेर खोली घ्यायची झाल्यास ती भरदुपारी पाहायला जा. सगळे संध्याकाळी जातात, तेव्हा जागा शांत वाटते. पण रात्रपाळीनंतर तुम्ही झोपणार आहात दुपारी, आणि तेव्हा खाली शाळा सुटते का, बांधकाम चालते का, खिडकीतून ऊन थेट पलंगावर येते का, हे तेव्हाच दिसते. दुसरे म्हणजे अंतर. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. सकाळी सातला उठून दुपारी न झोपता रात्रपाळीला गेलेली नर्स हा टप्पा मध्यरात्रीच गाठते, आणि तिला घरी जायचे असते त्यानंतर सात-आठ तासांनी. अशा अवस्थेत तिने दुचाकी चालवावी लागेल अशी खोली, भाडे कितीही कमी असले तरी, महागच. पायी जाता येईल किंवा पाळी सुटण्याच्या वेळी बस मिळेल, एवढे अंतर पुरे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. परिचर्येचा परवाना ज्या नर्सिंग परिषदेने दिला, सहसा तिच्याच हद्दीत तो चालतो. हद्द ओलांडली की बहुधा नव्याने नोंदणी किंवा मान्यता लागते, आणि जुन्या परिषदेकडून तुमच्यावर कोणतीही कारवाई नसल्याचा दाखलाही अनेकदा मागितला जातो. नोंदणी हातात येईपर्यंत घर सोडू नये. बाँड, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर रक्कम, मुदत आणि मुदतीआधी सोडल्यास काय, हे तिन्ही लेखी पाहावे आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नयेत. एजंट नोकरीसाठी तुमच्याकडून पैसे मागत असेल, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७च्या कराराचे तत्त्व लक्षात ठेवा: खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये. सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेला नाही, पण प्रश्न विचारायला तो पुरेसा आधार आहे.

घरची आठवण येणारच. तिच्यावर औषध सांगण्याचा माझा विचार नाही. फक्त ती कोणत्या वेळी येते, त्याची नोंद ठेवा. सलग रात्रपाळ्यांनंतरच्या पहिल्या सुट्टीला ती सर्वांत जास्त येते, असे माझ्या विद्यार्थिनी वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत, आणि त्यात झोपेचा वाटा किती व घराचा किती, हे झोप झाल्यावरच कळते. म्हणून आयुष्याचे निर्णय त्या दिवशी घेऊ नका. घरच्यांना ड्युटीचा तक्ता पाठवून ठेवा. नाहीतर आई काळजीपोटी सकाळी अकराला फोन करते, तुम्ही गाढ झोपेतून तुटक बोलता आणि दोन्हीकडे दिवसभर रुखरुख राहते. वॉर्डमध्ये जे पाहिले ते सगळे घरी सांगता येत नाही, रुग्णाची गोपनीयता म्हणूनही आणि आईला झोप लागावी म्हणूनही. त्यासाठी आपल्या बॅचमधली एखादी मैत्रीण किंवा मित्र, मग ते दुसऱ्या गावी असले तरी, हाताशी हवेत.

वर्षभराने गाव अंगवळणी पडते, वॉर्डमधले हात सफाईने चालू लागतात आणि नेमक्या याच वेळी बदलीचे वेध लागतात: घराजवळ जाऊ, नाहीतर आयसीयूमध्ये जाऊ. दोन्ही इच्छा योग्य आहेत, पण त्या एकदम पूर्ण करू नका. घराजवळ जायचे असेल, तर पहिली काही वर्षे तुमच्या हाताला सवय झालेला त्याच प्रकारचा वॉर्ड मागा. आयसीयू हवे असेल, तर शक्यतो याच रुग्णालयात मागा, जिथे फार्मसीचा क्रमांक आणि इन्चार्ज सिस्टरचा स्वभाव तुम्हाला पाठ आहे. दोन्ही बदलणे भागच पडले, तर नवे रुग्णालय अनुभवाचा दाखला पाहून म्हणेल की तुम्हाला इंडक्शनची गरज नाही, आणि ते ऐकायला बरेही वाटेल. तरीही इंडक्शनचे सगळे दिवस मागून घ्या, आणि रुजू होण्याआधी ते पत्रात लिहून घ्या.