एका गुणामागची पाच वर्षे: अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला ॲथलेटिक्स प्रशिक्षकाची कारकीर्द

नमस्कार. ९ जून २०१८ ची गोष्ट आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, यूजीन शहरातल्या हेवर्ड फील्ड मैदानावर पाऊस पडत होता आणि महिलांच्या राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन ॲथलेटिक्स स्पर्धेतली शेवटची शर्यत, ४ बाय ४०० मीटर रिले, तेवढी उरली होती. जॉर्जिया विद्यापीठाचे ५२ गुण झाले होते आणि त्यात आता भर पडणार नव्हती. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूएससीचे, ४३ गुण होते. पहिल्या क्रमांकाला १० गुण मिळतात आणि दुसऱ्याला ८. म्हणजे यूएससीच्या मुली पहिल्या आल्या तर ५३ गुणांनी विजेतेपद त्यांचे, आणि दुसऱ्या आल्या तर ५१ गुणांवर हातचे गेलेले.

तिसऱ्या धावपटूकडून चौथीकडे बॅटन, म्हणजे रिलेतली कांडी, जाताना दोघींच्या हातांचा मेळ बसला नाही. बॅटन पडली नाही, पण वेग गेला. शेवटची धावपटू केंडल एलिस निघाली तेव्हा पर्ड्यू विद्यापीठाची मुलगी बरीच पुढे होती आणि शेवटच्या सरळ पट्ट्यावरही शर्यत हरल्यासारखीच दिसत होती. एलिसने तिला अगदी अंतिम रेषेवर गाठले. यूएससीची वेळ ३ मिनिटे २७.०६ सेकंद होती, तर पर्ड्यूची ३ मिनिटे २७.१३. सात शतांश सेकंदांनी शर्यत आणि एका गुणाने विजेतेपद मिळाले.

ही शर्यत पुढे खूप पाहिली गेली आणि एलिसचे कौतुकही रास्तच झाले. मला मात्र आज त्या दिवशी मैदानाच्या कडेला असलेल्या बाईंच्या व्यवसायाबद्दल बोलायचे आहे. त्यांचे नाव कॅरिल स्मिथ गिल्बर्ट. त्या २०१३ मध्ये यूएससीत आल्या आणि हे विजेतेपद पाच वर्षांनी मिळाले. अशा प्रशिक्षकाचे काम मुलींना पळवण्याचे असते, अशी आपली समजूत असते; पण त्या कामाचा मोठा भाग धावपट्टीपासून दूर, हिशेबाच्या वहीत आणि मुलींच्या घरच्या दिवाणखान्यात होतो.

आधी हिशेब पाहू. या स्पर्धेत महिलांसाठी २१ प्रकार असतात. शंभर मीटरपासून दहा हजार मीटरपर्यंतच्या शर्यती, अडथळे, स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची लांब शर्यत), दोन रिले, चार उड्या, चार फेकी आणि सात प्रकारांची हेप्टॅथलॉन. प्रत्येकात पहिल्या आठ क्रमांकांना गुण मिळतात. आणि इतक्या प्रकारांसाठी महाविद्यालयीन खेळांच्या सर्वोच्च विभागातल्या महिला संघाला कित्येक वर्षे जास्तीत जास्त १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येत असे. ही रक्कम वाटून देता येत असे, त्यामुळे एखाद्या वेगवान धावपटूला पूर्ण शिष्यवृत्ती, गोळाफेक करणाऱ्या मुलीला निम्मी आणि लांब पल्ल्याच्या धावपटूला फक्त पुस्तकांपुरती, अशी विभागणी चालायची. एका संघात चाळीसहून अधिक मुली असल्या, तर कोणाला किती द्यायचे हे ठरवतानाच पुढच्या तीन-चार वर्षांचे गुण बव्हंशी ठरून जातात. माझ्या मते प्रशिक्षकाची खरी पारख इथे होते, कारण सतरा वर्षांच्या मुलीची आजची वेळ कोणीही वाचू शकतो. ती बावीसाव्या वर्षी कुठे असेल हे ओळखणे कठीण असते.

पुरुष संघांना याच खेळात १२.६ शिष्यवृत्त्या होत्या. हा फरक कुठून आला, हे समजण्यासाठी १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याकडे जावे लागते. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असे तो सांगतो. अमेरिकन फुटबॉलचा एकच संघ पुरुषांच्या ८५ शिष्यवृत्त्या घेऊन जात असे आणि त्या तोडीचा महिलांचा खेळच नव्हता; तेव्हा समतोल साधण्यासाठी महिलांच्या इतर खेळांना अधिक जागा मिळाल्या. ॲथलेटिक्सचा विद्यापीठांना आणखी एक उपयोग झाला. शरद ऋतूत क्रॉस कंट्री (मैदानाबाहेरच्या मोकळ्या वाटांवरची लांब शर्यत), हिवाळ्यात बंदिस्त मैदानावरच्या स्पर्धा आणि वसंतात उघड्या मैदानावरच्या, अशा तिन्ही हंगामांत धावणारी एकच मुलगी खेळाडूंच्या मोजणीत तीनदा धरली जाते. हा हिशेब कायद्याला धरून असेल, पण एक मुलगी म्हणजे तीन संधी नव्हेत, हे त्या मुलीच्या पायांना चांगले ठाऊक असते.

आता या व्यवसायात माणूस शिरतो कसा, तेही पाहू. बहुतेक जण स्वतः महाविद्यालयात धावलेले किंवा उड्या मारलेले असतात. पदव्युत्तर शिक्षण घेताना तुटपुंज्या मानधनावर मदतनीस म्हणून काम करायचे, मग एखाद्या छोट्या विद्यापीठात उड्यांचे किंवा फेकींचे सहायक प्रशिक्षक व्हायचे, आणि दर काही वर्षांनी नव्या राज्यात बिऱ्हाड हलवत वर चढायचे. शनिवार-रविवार स्पर्धांत जातात आणि उन्हाळा शालेय खेळाडू शोधण्यात. घरी लहान मूल असलेल्या बाईला पुष्कळदा ही शिडी मध्येच सोडावी लागते, आणि ती सोडली तर परत चढणे फार अवघड असते.

टायटल नाइनच्या आधी महाविद्यालयांतल्या महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांना महिला प्रशिक्षक होत्या, पुष्कळदा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकाच. कायदा आला, पैसा आला, पगाराची पदे निर्माण झाली आणि त्या पदांवर पुरुष येऊ लागले. २०१४ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले होते. ॲथलेटिक्समध्ये पुरुष आणि महिला संघांचा एकच मुख्य प्रशिक्षक नेमण्याची पद्धत रुळली आणि त्या एकत्रित पदावर स्त्री क्वचितच दिसली. मुलींसाठी दार उघडणाऱ्या कायद्यामागोमाग त्यांच्या शिक्षिकांची संख्या घटली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

असे असूनही ज्या स्त्रिया टिकल्या त्यांची नावे घ्यायलाच हवीत. नेल जॅक्सन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतः धावल्या आणि १९५६ मध्ये अमेरिकेच्या महिला ऑलिंपिक संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. हे पद मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाच्या बार्बरा जॅकेट यांनी १९९२ मध्ये बार्सिलोनाला तीच जबाबदारी सांभाळली.

आणि पुरुषांपैकी एक नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. एड टेंपल १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९४ पर्यंत नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट विद्यापीठात होते. ते समाजशास्त्र शिकवत आणि ‘टायगरबेल्स’ या महिला संघाला तयार करत. वर्णभेदाच्या त्या काळात दक्षिणेत प्रवास करताना संघाला रस्त्यावरच्या अनेक खाणावळींत प्रवेश नसे. शाळकरी मुलींसाठी ते उन्हाळी शिबिर घेत. लहानपणी पोलिओ झालेली विल्मा रुडॉल्फ अशाच शिबिरातून आली आणि १९६० मध्ये रोमला तिने तीन सुवर्णपदके जिंकली. तिथल्या ४ बाय १०० मीटर रिलेतल्या चारही जणी टेंपल यांच्याच विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या कारकिर्दीत ४० टायगरबेल्स ऑलिंपिकला गेल्या आणि २३ पदके आली. त्यांच्याबद्दल बोलताना आणखी एक आकडा आवर्जून सांगितला जातो: त्या चाळिसांपैकी ३९ जणींनी पदवी पूर्ण केली.

रोजच्या कामात डोळा लागतो, तो असा. सहाशे मीटरची तिसरी फेरी धावणारी मुलगी वळण संपताना डावा पाय जरा कमी वेळ टेकवते. घड्याळावरची वेळ ठीक असते. पण प्रशिक्षक तिला थांबवतात, नडगीवर बोट दाबतात, ती एका ठिकाणी कळवळते, आणि त्या दिवशीचा सराव तिथेच संपतो. हाडाला सूक्ष्म तडा असण्याची शंका आली की पुढचे काम डॉक्टरांचे. पण तो तडा का गेला हे विचारणे प्रशिक्षकाचे काम आहे. मेहनतीच्या मानाने खाणे अपुरे पडले की मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे कमजोर होतात. पाळी थांबणे ही चांगल्या तयारीची खूण आहे, असा घातक समज या खेळात दीर्घकाळ होता. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऊर्जेच्या या कमतरतेला ‘रेड-एस’ असे नाव दिले आणि तिचे परिणाम पाळीपुरते नसून हृदय, प्रतिकारशक्ती आणि मनापर्यंत जातात, हे स्पष्ट केले. जो प्रशिक्षक मुलींना सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे करतो, तो कितीही पदके आणो, मी त्याला चांगला म्हणणार नाही.

नियमांची चौकटही लक्षात ठेवावी लागते. हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला जास्तीत जास्त चार तास सराव आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. शिवाय मुलीने पूर्णवेळ विद्यार्थिनी असले पाहिजे. गर्भवती राहिलेल्या खेळाडूला खेळण्याची मुदत एका वर्षाने वाढवून मिळू शकते, आणि ती सवलत तिच्यापर्यंत पोहोचवणे हा प्रशिक्षकाच्या कर्तव्याचा भाग आहे.

स्मिथ गिल्बर्ट यांनी २०२१ मध्ये यूएससीला आणखी एक विजेतेपद मिळवून दिले आणि त्याच वर्षी त्या जॉर्जियाला गेल्या, ज्या विद्यापीठाला त्यांनी एका गुणाने हरवले होते. तिथे पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांची सूत्रे त्यांच्या हाती आली. २०२५ मध्ये त्याच हेवर्ड फील्डवर जॉर्जियाच्या महिलांनी उघड्या मैदानावरचे आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

त्याच जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीने शिष्यवृत्त्यांची ती १८ ची मर्यादा, तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांपुरती, काढून टाकली आणि त्याऐवजी संघाच्या आकारावर मर्यादा घातली: ॲथलेटिक्समध्ये ४५ खेळाडू. कागदावर हे उदार दिसते. पण आजवर शिष्यवृत्तीशिवाय, केवळ धावायचे म्हणून संघात येणाऱ्या मुली असत. कोणी दुसऱ्या वर्षी सेकंदभराने सुधारे, कोणी चौथ्या वर्षी रिलेत जागा मिळवे. आता अशा मुलींना पहिल्याच वर्षी समोर बसवून ‘यादीत जागा नाही’ असे सांगण्याचे काम प्रशिक्षकाकडे आले आहे, आणि पंचेचाळिसावे नाव लिहिताना शेहेचाळिसाव्या मुलीची वेळ त्यांच्यासमोर असते.