भांड्यांच्या खडखडाटातली प्रार्थना

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात तुम्हां सर्वांना सलाम.

उपासना संपल्यावर लोक घटकाभर थांबून बोलतात, तेव्हा एक गाऱ्हाणं हमखास कानावर येतं. "पूर्वीसारखं प्रार्थनेत मन लागत नाही. शास्त्र उघडते, दोन ओळी वाचते, की मन भलतीकडेच." असं बोलणारी माणसं विश्वासात मुरलेली असतात. आपण देवापासून दुरावलो की काय, या काळजीने कावरीबावरी झालेली असतात. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. आत्मिक आरोग्य टिकतं ते थोड्या, पण रोजच्या सरावाने. थोडं, पण रोज. एवढं धरून ठेवा, मी ते पुन्हा म्हणणार आहे.

रानात इस्राएल लोकांना मान्ना (देवाने आकाशातून दिलेलं अन्न) मिळत होता, तो रोज सकाळी गोळा करायचा, माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप. उद्यासाठी म्हणून ठेवला की त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. प्रभूनेही आपल्याला मागायला शिकवलं ते रोजच्या भाकरीचं. म्हणून गेल्या वर्षीच्या संमेलनात डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यावर आजचा दिवस निघत नाही. संमेलनं मला प्रिय आहेत. पण एका संमेलनातून दुसऱ्यात जाणारा आणि मधल्या दिवसांत घरी पवित्र शास्त्र न उघडणारा विश्वासी पाहिला, की माझा जीव तुटतो.

आता मला एका माणसाविषयी सांगायचंय. सतराव्या शतकातला फ्रान्समधला माणूस, नाव निकोला एरमाँ. गरीब घरचा. अठरा वर्षांचा असताना हिवाळ्यात त्याने एक निष्पर्ण झाड पाहिलं. काही दिवसांनी याला पालवी फुटेल, मग फुलं येतील, फळं धरतील, हा विचार मनात आला आणि देवाच्या सामर्थ्याने तो आतून हलून गेला. पुढे तो सैन्यात गेला. युरोपात तेव्हा तीस वर्षांचं युद्ध चालू होतं. तिथे जखमी झाला आणि पायाने कायमचा अधू झाला. मग एका मोठ्या अधिकाऱ्याकडे नोकर म्हणून राहिला. तो स्वतःच सांगे, की मी धांदरट, हातात घेईन ती वस्तू फोडायचो.

1640 साली तो पॅरिसमधल्या कार्मेल नावाच्या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात दाखल झाला. इथे आपल्या धांदरटपणाबद्दल चांगलीच शिक्षा भोगावी लागेल, अशीच त्याची समजूत होती. तिथे त्याला नवं नाव मिळालं, ब्रदर लॉरेन्स. काम मिळालं स्वयंपाकघरातलं. श्रोतेहो, नीट ऐका, या कामाचा त्याला मनापासून तिटकारा होता! चूल, धूर, भांड्यांचा खडखडाट, एकाच वेळी चौघांनी चार गोष्टी मागणं. तिथे त्याने कितीतरी वर्षं काढली.

त्याने काय केलं? काम हाती घेताना देवाशी दोन शब्द बोलायचे: प्रभू, हे काम तुझ्यासाठी करतो, मला कृपा दे. काम करता करता त्याच्याशी बोलत राहायचं. काम संपलं, की मागे वळून पाहायचं. चांगलं झालं असेल तर आभार मानायचे. बिघडलं असेल तर क्षमा मागायची आणि तिथेच मोकळं व्हायचं. कढईतलं ऑम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रीतीसाठी. जमिनीवरची एक काडी उचलायची, तीही त्याच्याच प्रीतीसाठी.

एकदा त्याला मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला बरगंडीला पाठवलं. व्यवहारात तो कच्चा. त्यात पाय अधू, म्हणून बोटीवर चालता येईना. पिंपांवरून लोळत लोळत त्याला इकडून तिकडे जावं लागे. तुम्ही-आम्ही काय कुरकुर केली असती! तो मात्र देवाला म्हणाला, हे तुझंच काम आहे. आणि निघाला. खरेदी उत्तम झाली. आदल्या वर्षीही त्याला अशाच कामासाठी दुसऱ्या प्रांतात धाडलं होतं, तेही नीट पार पडलं होतं. कसं, ते त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं.

पुढे पायाची जखम चिघळली, म्हणून त्याला बसून करायचं काम दिलं, मठातल्या बंधूंच्या चपला सांधायचं. तरीही तो मदतीला स्वयंपाकघरात येतच राहिला, ज्या कामाचा त्याला तिटकारा होता, तिथेच. मोठमोठी माणसं त्याच्याशी बोलायला येऊ लागली. त्यांना तो सांगे, की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत मला फरक वाटत नाही. 1691 साली तो वारला.

या गोष्टीतला एक भाग लोक सांगत नाहीत, म्हणून तो मी मुद्दाम सांगतो. पहिली दहा वर्षं त्याला फार जड गेली. मन भटके, पापांची आठवण छळे, आपण फसवणूक तर करत नाही ना असं वाटे. दहा वर्षं! त्या काळात त्याने एकच केलं. मन भटकलं हे लक्षात आलं, की परत यायचं. स्वतःला फार बोल लावायचा नाही. देवाला सांगायचं, तू सोडलंस तर मी असाच वागणार, तूच सांभाळ. आणि परत कामाला लागायचं. मन भटकलं, परत या. दिवस चुकला, परत या. आमच्याकडे दोन दिवस चुकले की माणूस महिनाभर लाजेपोटी शास्त्र उघडत नाही. ही लाज देवाकडून येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मात्र दिवसभर देवाशी बोलायचं, म्हणून ठरावीक वेळ नको, असा अर्थ कुणी काढू नये. दानीएल संदेष्टा दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे, सिंहांच्या गुहेची धमकी असतानाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात पाहा. संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं होतं, प्रभूने पुष्कळ आजारी बरे केले, आणि तरी पहाटे अंधार असतानाच तो उठून एकांतात गेला. तुमच्यासाठी दहा मिनिटं पुरेत. वेळ एकच ठेवा, जागा एकच ठेवा, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. थोडं, पण रोज. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले तर 52 आठवड्यांत पूर्ण होतात, शिवाय दर आठवड्याला दोन दिवस हाताशी राहतात. वाचताना मोठ्याने वाचा. आणि स्तोत्रं पाठ करा! हल्ली मंडळीत पाठांतर मागे पडलंय, याचं मला फार वाईट वाटतं. दुखण्यात अंथरुणाला खिळल्यावर पुस्तक हातात धरवत नाही, तेव्हा तेविसावं स्तोत्र ओठांवर असलेलं बरं.

रात्री झोपण्याआधी दिवसाकडे एकदा पाहा. कुणावर राग धरला असेल तर तो सोडा. सूर्य मावळण्यापूर्वी सोडा, असंच प्रेषित पौल सांगतो.

आणखी एक. मन खिन्न आहे, झोप येत नाही, जगणंच नको वाटतं, असं असेल तर त्याला विश्वासाची कमतरता समजू नका. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता. देवदूताने आधी त्याला दोनदा उठवून खायला दिलं, मधे झोपू दिलं. उपदेश केला नाही. तेव्हा पाळकांशी बोला, आणि डॉक्टरांकडेही जा.

उद्यापासून मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत, रोज एक. पुढच्या भाषणात मुलांसोबतच्या कौटुंबिक प्रार्थनेविषयी बोलू. तोवर घरातलं लहान मूल प्रार्थना करताना अडखळलं, तर त्याचे शब्द दुरुस्त करू नका.